वस्तादाच्या मागावर: दूरच्या भविष्यातली काळोखी चित्रकादंबरी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव देतो, एक राखून ठेवतो. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो का राखतो, यावर मात्र तालमीच्या कट्ट्यावर रात्र सरेल. पठ्ठा उद्या अंगावर आला तर हाताशी असावा म्हणून, असं काही जण म्हणतात. तो डाव पेलणारा पठ्ठा अजून भेटलेला नाही म्हणून, असं बाकीचे. हजारो वर्षांनंतरच्या जगात आपल्याच गुरूच्या जिवावर उठलेल्या शिष्याची चित्रकादंबरी करायची असेल, तर या वादात तिचं सगळं कथानक पडलेलं आहे. परदेशी ग्रॅफिक नॉव्हेल वाचून ज्यांना आपणही एक करावी असं वाटलंय, हात बऱ्यापैकी चालतोय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

क्रम असा ठेवा: आधी गोष्ट, मग काळ, मग वही घेऊन फिरणं, मग पानं. बहुतेक नवखे उलटीकडून सुरू होतात. आधी चिलखत घातलेला नायक काढतात, त्याच्या हातात भलीमोठी बंदूक देतात आणि मग त्याला कुणाच्या मागं पळवायचं ते शोधत बसतात.

शिकार कशासाठी

तीन शक्यता आहेत. एक, वरून हुकूम आलाय: वस्ताद फितूर झाला, त्याला संपवून ये. दोन, शिष्याचा खासगी हिशेब आहे. तीन, वस्तादानं स्वतःच माग सोडलाय, कारण त्याला शिष्यानं यायला हवंय. पहिलीवर चोवीस पानं सहज निघतात आणि पंचविसाव्या पानावर दम लागतो. दुसरी बरी. माझं मत विचाराल तर पहिलीनं सुरुवात करा आणि वाचकाला कळेल न कळेल अशा बेतानं तिसरीवर न्या.

या प्रकारच्या गोष्टीची खरी अडचण अशी की ज्याला शोधायचंय तो बहुतांश पुस्तकभर पानावर नसतो. नुसती त्याची भीती बाळगून वाचक किती पानं उलटेल? म्हणून वस्ताद दिसला नाही तरी प्रत्येक पानावर असला पाहिजे, आणि तो असतो शिष्याच्या अंगात. कसं उभं राहायचं, अंधारात आधी काय ऐकायचं, अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, सगळं त्यानंच शिकवलेलं. शिष्य त्याच्याच शिकवणीनं त्याला हुडकतोय.

यासाठी वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात वस्तादानं दिलेले डाव लिहा, पाच पुरेत. दुसऱ्यात तो डाव शिष्य त्याच्याविरुद्ध कुठं वापरतो. तिसऱ्यात वस्तादाची तोड. प्रत्येक डावाला तोड असते हे तालमीत पहिल्याच वर्षी कळतं, आणि कथानक म्हणजे या तिसऱ्या रकान्याची वाढ आहे. डाव कुस्तीचेच असायला हवेत असं काही नाही, पण ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड यांचा स्वभाव समजून घेतलात तर फायदा आहे. ढाकेत समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटतो. घिश्शात मातीला चिकटलेल्या पैलवानाला उलटून पाठीवर पाडतात. हे शरीरानं मांडलेले विचार आहेत. शिष्य कुणाची माहिती काढताना घिस्सा मारू शकतो, हात न लावता.

आता राखलेला डाव. तो काय आहे, हे पहिली चौकट काढण्याआधी तुम्हाला ठाऊक असलंच पाहिजे. "पुढं बघू" म्हटलंत की शेवटच्या प्रकरणात आकाशातून काहीतरी पडतं आणि वाचक पुस्तक मिटतो. एक नमुना देतो, आवडला तर खुशाल उचला. राखलेला डाव असा की तो फक्त आपल्याच पठ्ठ्यावर चालतो. परक्या पैलवानावर त्याचा काही उपयोग नाही, कारण तो डाव शिकवणीतून लागलेल्या सवयींवरच बसवलेला आहे: तू इथं डावा पाय टाकणार, कारण तो मीच टाकायला लावला. असा डाव शिकवणार कसा? शिकवला की संपला. मग शिष्याला शिकारीच्या वाटेवर एकेक सवय मोडत जावं लागतं आणि वस्तादापर्यंत पोचेतो ती त्याची पठ्ठी उरत नाही. हो, ती. त्याचं कारण पुढं अक्षरांच्या भागात येईल.

किती दूरचं भविष्य

"सन ४०००" असं सहज लिहून टाकू नका. आकडा असा निवडा की त्यानं जगात काहीतरी दिसण्याजोगं बदललेलं असेल. मला इसवी सन १४००० च्या आसपासचा काळ फार कामाचा वाटतो. पृथ्वीचा आस साधारण २६,००० वर्षांत एक घेर पूर्ण करतो, त्यामुळे ध्रुवतारा कायमचा ध्रुवतारा नसतो. सुमारे बारा हजार वर्षांनी ते काम अभिजित ताऱ्याकडे जाईल. तो बरोबर ध्रुवबिंदूवर नसेल, साधारण चार अंश बाजूला राहून छोटा फेरा मारेल. पण आत्ताच्या मिणमिणत्या ध्रुवापेक्षा कितीतरी झगझगीत असेल. कोल्हापूरचा अक्षांश पावणेसतरा अंशांच्या आसपास, म्हणजे इथून ध्रुवबिंदू क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून पसरलेल्या पंजाएवढं अंतर होत नाही तेही. जोतिबाच्या डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी उभं राहून पाहिलेला, माथ्याला टेकलेला, निळसर पांढरा, रात्रभर फारसा न हलणारा तारा: ही चौकट काढली की काळ सांगायला वेगळी पाटी नको. जयंत नारळीकरांचा जन्म या गावातला, १९३८ चा. निदान त्यांच्या गावावर चुकीचं आकाश काढू नये.

दुसरा मुद्दा, काय टिकतं. बारा हजार वर्षांत लोखंड गंजून मातीत जातं, त्यामुळं तुमच्या भविष्यात आजच्या गाड्यांचे सांगाडे उभे असले तर ते खोटं आहे, कितीही छान दिसोत. भाजलेली माती टिकते. कांसं टिकतं. काळा दगड तर आत्ताच सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे. याचा पुरावा बघायचा तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथं रोमन घडणीची कांस्यमूर्ती निघाली, समुद्रदेव पोसायडनची. समुद्रापासून एवढं आत, पंचगंगेच्या काठी, सातवाहनांच्या थरात परक्या समुद्राचा देव. तो तिथं का आला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नाही. तुमच्या भविष्यातल्या लोकांना आपल्या वस्तू अशाच सापडायला हव्यात, अर्थ सुटलेल्या. कुणाच्या तरी गळ्यात स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीचा ताईत चालेल.

पाणी तर इथं काढावंच लागेल. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आकडे पावसाळ्यात इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हजार पुरांचा गाळ एकावर एक बसला की शहर खाली जातं आणि वस्ती पन्हाळा-जोतिबाच्या रांगेवर चढते. मग खालचं जुनं कोल्हापूर म्हणजे शिकारीचं रान.

आणि एक गोष्ट बदलणार नाही, ती हेरून ठेवा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत. तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो. पृथ्वीच्या आसाचा कल हजारो वर्षांत २२.१ आणि २४.५ अंशांमध्ये झुलत राहतो, म्हणजे सूर्य वर्षातून दोनदा त्या १७ अंशांवरून जाणारच. तारखा सरकतील, किरणं येतील, फक्त मधे कुणी इमारत बांधलेली नसावी. (तो तंटा आजचाच आहे, भविष्याची वाट बघावी लागत नाही.) गाळात अर्ध्या बुडालेल्या दगडी देवळात वर्षातून मोजके दिवस काही मिनिटं उजेड शिरतो: वस्ताद आणि पठ्ठी समोरासमोर यायला याहून बरी वेळ कुठली?

वही घेऊन फिरा

संदर्भासाठी इंटरनेटवर बसलात तर तुमचं भविष्य सगळ्यांच्या भविष्यासारखं दिसेल, तेच पाइप, तोच निऑन. त्यापेक्षा उद्यमनगरात एखाद्या फाउंड्रीत ओळखीनं जा. साच्याची काळी वाळू, ओतकामाचा उजेड खालून वर चेहऱ्यावर येतो तो, थंड झालेल्या ओतीव तुकड्याची खरबरीत कातडी. यंत्रापेक्षा यंत्राजवळ उभा असलेला माणूस काढा, कंबर कशी वाकते ते. आत जायच्या आधी मालकाला विचारा, फोटो काढू नका म्हणाले तर वहीच काढा. तालमीतही तसंच, विचारून जा, चप्पल बाहेर, हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या, मातीत पाय नाही. कोपऱ्यात बसून जोर-बैठका मारणारे काढत बसलात की दोन दिवसांनी कुणी तुमच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि खरी स्केचेस तेव्हाच मिळतात.

खासबाग मैदान मोकळं असताना बघा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ चं, मधे हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक. अगदी वरच्या रांगेत बसून खालच्या हौद्याचं चित्र काढलंत की पुस्तकभर पुरेल असा एक कोन हाताला लागतो: खाली एकटा माणूस, भोवती रिकाम्या पायऱ्या. पन्हाळ्यावर अंधारबाव आणि अंबरखान्याची कोठारं. जाड भिंतीतून उजेड किती आत जातो आणि कुठं मरतो हे तिथं डोळ्यांनी मोजता येतं. रंकाळ्यात पाणी वाढलं की संध्यामठ बुडतो, उतरलं की वर येतो. बुडालेलं शहर कसं दिसेल याचं उत्तर घरापासून वीस मिनिटांवर असताना कल्पना कशाला ताणायची?

पानं आधी मोजा

पहिलं काम दोनशे पानांचं घेऊ नका. आधी आठ पानांची एक पूर्ण गोष्ट करा, याच जगातली: वस्ताद पठ्ठीला दुसरा डाव देतो तो दिवस, एवढंच. ती जमली तर ४८ किंवा ६४ पानांकडे वळा. एकट्यानं लिहून, पेन्सिल, शाई आणि अक्षरं करायची तर काळ्यापांढऱ्या पानाला दोन दिवस धरा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करणाऱ्यांनी ते दुप्पट करावेत. गणित मांडलंत की हौस किती आणि हिंमत किती ते आपोआप कळतं. चित्रं येत नसतील तर कलानिकेतन किंवा दळवीज या इथल्या कला महाविद्यालयांतल्या मुलांपैकी जोडीदार शोधा, पण कामाच्या आधी वाटणी कागदावर लिहा.

पटकथा चौकटीनुसार लिहायची: पान, चौकट, काय दिसतं, कोण काय बोलतं. एका पानावर पाच-सहा चौकटी, एका फुग्यात वीस-पंचवीस शब्द, पानाला शंभराच्या आसपास. मराठी माणसाला बोलायला आवडतं, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात तीनशे येतील. दोनशे कापा. "काय दिसतं" मध्ये एका चौकटीत एकच कृती. "ती वळते, बंदूक उचलते आणि ओरडते" ही तीन चित्रं आहेत.

मग आगपेटीएवढ्या चौकोनांत सगळं पुस्तक रेखाटा आणि कागद दुमडून त्याची डमी करा. डमीशिवाय पुढं जाऊच नका, कारण पान उलटण्याची वेळ तिच्यातच कळते. पहिलं पान उजवीकडं येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडं, सम डावीकडं. वाचक उजवं पान उलटतो आणि त्याला सम पान दिसतं. म्हणून धक्का नेहमी सम पानाच्या पहिल्या चौकटीत, त्याची चाहूल आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. वस्तादाचा चेहरा पहिल्यांदा दिसणार असेल तर तो उजव्या पानावर वाया घालवू नका, डोळ्याचा कोपरा आधीच तिकडं जातो.

डमी दोघांना वाचायला द्या, एक जण कॉमिक्स न वाचणारा आणि एक कुस्तीतला. काही विचारू नका, कुठं मागं पान उलटून बघतात तेवढं बघा. तिथं काहीतरी निसटलंय.

काळोख

गोष्ट काळोखी म्हणून सगळी पानं काळी करायची, हा या प्रकारातला सर्वांत मोठा घोळ. सगळंच काळं असेल तर काहीच काळं नसतं. प्रत्येक प्रसंगाआधी एक प्रश्न विचारा: उजेड कुठून येतोय? एकच दिवा, एकच भट्टी, एकच झरोका. ते ठरलं की काळं कुठं टाकायचं ते ठरतंच. मी तर पानाच्या आगपेटीएवढ्या रेखाटनात आधी नुसती काळी जागा भरतो, माणसं नंतर. डोळे बारीक करून पाहिलं तरी ते पान शेजारच्यापेक्षा वेगळं दिसलं पाहिजे. लागोपाठ चार पानं अंधारी गेली की पाचवं जवळजवळ कोरं ठेवा, धुकं किंवा पुराचं नुसतं पाणी. तिथं वाचकाला जास्त भीती वाटते.

उजेडाचा अभ्यास करायला इथं गुरूंची वाण नाही. आबालाल रहिमान कोटीतीर्थाचं एकच पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. बाबूराव पेंटर चित्रकार, शिल्पकार, सिनेमावाले, पोस्टरवाले, आणि एकाच चौकटीत अख्खी गोष्ट उभी कशी करायची हे त्यांच्या पोस्टरवरून शिकावं. त्यांच्या १९२० च्या मूकपटातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारनं तो प्रसंग कापायला लावला. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट हिंसेबद्दल बरंच शिकवून जाते. रक्त दाखवणं सोपं आहे. पण तुमच्या गोष्टीत मारणारा आणि मरणारा एकमेकांना वीस वर्षं ओळखतात, एका ताटात जेवलेत. घावापेक्षा घाव घालायच्या आधी हात कुठं थांबला ती चौकट काढा. घाव दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत पडू द्या, वाचक तो स्वतःच्या मनानं मारतो आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी होतं.

झुंजीच्या पानांवर फुगे नकोत. कुस्तीत कुणी भाषण करत नाही. पकड, पाय, पाठ, माती, एवढंच. कुठला हात कुणाचा आहे हे कळण्यासाठी दोघांच्या अंगावर एकेक ठळक खूण ठेवा: एकाच्या मनगटाला पट्टी, दुसऱ्याचे कुस्तीनं मोडलेले कान. आणि हलगी. मैदानात हलगी वाजते तशी तिची अक्षरं चौकटीच्या कडेनं बारीक बारीक सुरू करा, झुंज वाढेल तशी मोठी होऊ द्या.

अक्षरं

मराठी चित्रकथा चित्रांत क्वचित मार खाते, अक्षरांत हमखास खाते. म्हणून इथं जरा थांबा.

इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुधा सगळी अक्षरं कॅपिटल असतात, एका उंचीची, त्यामुळे ओळी दाटून बसवता येतात. देवनागरीत वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात. तेच अंतर ठेवलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळ-अंतर धरा आणि फुगा त्या हिशेबानं मोठा काढा. म्हणजे फुग्याची जागा पेन्सिल करतानाच सोडायची, नंतर चेहऱ्यावर चिकटवायची नाही. आपली शिरोरेघ फुग्यात आडवी दांडी तयार करते, त्यामुळे फुगेही थोडे आडवे, बसके बरे दिसतात. जोर द्यायचा शब्द जाड करा, तिरका नको. तिरकी देवनागरी पडल्यासारखी दिसते.

फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता आणि बालू हे खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तक विकलंत तरी पैसे लागत नाहीत. निवेदनासाठी तिरो देवनागरी मराठी चांगला दिसतो. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, हिंदी वळणाचे आले की पान परकं वाटतं. फॉन्ट तपासायला हे वाक्य टाइप करा: "दऱ्यांतल्या पठ्ठ्यानं वस्तादाचा शड्डू ओळखला, कुऱ्हाड टाकली." यात काही तुटलं, ऱ्या चा रफार झाला किंवा ठ्ठ वेगळा पडला, तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर बदला. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केल्याशिवाय देवनागरी नीट जुळत नाही, पहिली र्‍हस्व वेलांटी तिथंच चुकीच्या जागी जाते. इंकस्केप फुकट आहे आणि जोडाक्षरं बरोबर दाखवतं. चित्रं क्रिटामध्ये, अक्षरं इंकस्केपमध्ये असं कामाचं विभाजन नवख्याला पुरतं.

आवाजांची अक्षरं हातानं काढा, फॉन्टनं नको. आणि ते आवाज मराठीच असू द्या. इंग्रजी "बूम" देवनागरीत लिहिलं म्हणून ते मराठी होत नाही. धडाड, खण्ण, सप्पकन, फस्स, दण्णदिशी. माती अंगावर पडल्याचा, ओल्या पाठीवर थाप पडल्याचा आवाज तालमीत बसून ऐका आणि स्वतः अक्षरात बसवा.

आता बोली. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद कोल्हापुरीत, ही वाटणी मला भावते. भविष्यातली माणसं पुण्याचं वर्तमानपत्र वाचल्यासारखी का बोलावीत? पण मोजकं. प्रत्येक फुग्यात "लगा" आणि "नाद खुळा" कोंबलंत तर ते रील होतं. कोल्हापुरीचा खरा फायदा वेगळाच आहे. इथल्या बायकाही "मी आलो, मी बघितलो" असं बोलतात. म्हणजे मुखवटा घातलेला शिकारी तीस पानं "मी आलो, वस्ताद" म्हणत येऊ शकतो, वाचक त्याला पुरुष समजतो, आणि सम पानाच्या पहिल्या चौकटीत मुखवटा निघतो. एक अक्षर खोटं न लिहिता. ही युक्ती प्रमाण मराठीत इतकी फुकट मिळणार नाही, म्हणून मी मघाशी "पठ्ठी" म्हटलं.

वस्तादाला कमी बोलू द्या. पठ्ठी म्हणते, "वस्ताद, शेवटचा डाव दिला न्हाईसा मला." तो म्हणतो, "मागितलास कधी?" बस. ती त्याला मारायला आलीय, तरी "तुम्ही"च म्हणते. शेवटपर्यंत म्हणू द्या. ज्या फुग्यात ती "तू" वर येईल तो फुगा पुस्तकात एकदाच येऊ दे, आणि कुठं ते आधी ठरवा.

छापखान्यात जाताना

आकार: डेमी १/८ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, स्वस्त पण चौकटींना अरुंद. क्राऊन १/४ चित्रकथेला मोकळा पडतो. मूळ चित्र त्याच प्रमाणात दीडपट मोठं काढा. स्कॅन नुसत्या काळ्या रेघेचं असेल तर ६०० डीपीआय, रंगीत किंवा करड्या छटांचं ३००. पानाच्या कडेपर्यंत काळं जात असेल तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडा आणि अक्षरं कडेपासून किमान १० मिलिमीटर आत.

काळ्याचं गणित नीट समजून घ्या, कारण तुमचं पुस्तक त्यावरच उभं आहे. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा बिनचकाकीचा कागद, शाई पितो. त्यावर एका रंगात छापलेलं मोठं काळं क्षेत्र सुकल्यावर करडं दिसतं. एकाच रंगात छापणार असाल तर जरा जाड, गुळगुळीत कागद घ्या किंवा काळ्याचे दोन हात मारता येतील का ते विचारा. चार रंगांत छापत असाल तर शंभर टक्के काळ्याखाली तीस-चाळीस टक्के निळा द्या, काळोख खोल होतो. चारही रंग शंभर टक्के कधीही नको, पान ओलं राहतं आणि समोरच्या पानाला चिकटतं. आणि अक्षरं नुसत्या काळ्यातच. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं सोडायची असतील तर त्यांच्याखालचा तुकडाही नुसत्या काळ्याचा ठेवा, नाहीतर रंग केसभर सरकला तरी अनुस्वार भरून जातात.

पानांची संख्या: मधे पिना मारून बांधलेल्या (सेंटर पिन) पुस्तकाला चारच्या पटीत, मोठ्या पुस्तकाला सोळा पानांच्या फर्म्यात. ४८ पानं म्हणजे तीन फर्मे, ५० म्हणजे तीन फर्मे आणि डोकेदुखी. शंभर प्रतींपर्यंत डिजिटल, पाचशेच्या पुढं ऑफसेट परवडायला लागतं, मधल्या आकड्यांना दोन्हीकडचे दर मागवा. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागता नुसते आकार उरतील अशी करून, पीडीएफ द्या. डीटीपीवाला "श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत) टाइप करून देतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. आणि सगळ्यात काळं पान त्याच कागदावर, त्याच मशीनवर प्रूफ काढून बघितल्याशिवाय सही करू नका. स्क्रीनवरचं काळं आणि कागदावरचं काळं यांची सोयरीक नाही.

उरलेलं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज, शुल्क नाही. स्वामित्वहक्क निर्मितीबरोबरच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. भारतात तो निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर दोघांच्या सहीचा साधा करार ठेवा, त्यात दुसऱ्या भागाचं काय आणि मूळ चित्रं कुणाची हेही लिहा. खऱ्या तालमीचं नाव, खऱ्या वस्तादाचा चेहरा वापरू नका. गाव लहान आहे, आणि फितूर वस्ताद कुणावर बेतलाय हे लोक पुस्तक न वाचताच ओळखतील.

प्रकाशनाला हॉल बुक करण्याआधी मूळ पानं शाहू स्मारकच्या कलादालनात लावता येतात का ते पाहा. शाईचं मूळ पान बघून पुस्तक घेणारे जास्त असतात. एक प्रत करवीर नगर वाचन मंदिराला द्या, १८५० पासूनचं वाचनालय आहे, तिथं ती कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागते. दुकानात प्रती ठेवायला दिल्यात तर पावती घ्या आणि महिन्यानं स्वतः जाऊन मोजा. मित्रांना फुकट द्यायच्या प्रतींचा आकडा छपाईआधी ठरवा आणि घरच्यांना तो निम्माच सांगा.